दीड सेकंद

सुवातल्या त्या खोलीत गारठा इतका
की भर जानेवारीत घामेजलेली माणसं
आत शिरताना स्वेटर चढवतात.
यंत्रांना गार लागतं, मी सांगते.
माणसांचं नंतर बघू.

आज सहाजण.
नोंदणी विभागाच्या लोसालिनीबाई, ग्रंथालयातला पीटा,
लेखा विभागातले दोघे, एकमेकांशी न बोलणारे,
एक चुकून आलेला,
आणि मृदाशास्त्राचे सेतारेकी सर,
निवृत्तीला चौदा महिने.

रिमोट साबणाच्या वडीसारखा हातोहात निसटतो.
लोसालिनीबाई कॅमेरा वळवतात तो थेट छताला,
आणि तिकडे तारावात, दोन हजार किलोमीटरांवर,
बाकोआ नावाचा पोरगा
आमच्या ट्यूबलाइटला गुड मॉर्निंग म्हणतो.

विचारलंत की थांबा. दीड सेकंद.
आवाज उपग्रहापर्यंत चढून खाली उतरतो,
उत्तरही त्याच वाटेनं येतं.
घाई केलीत तर
"बोला बोला", "नाही, आधी तुम्ही"
यातच तास संपेल.
लेखावाले दोघे एकदम हसतात, आणि दचकतात.

आता नजर. पडद्यावरच्या चेहऱ्याकडे नाही,
त्या काळ्या भिंगात बघा.
डोळ्याला डोळा भिडायला हवा
तर डोळ्यांकडे बघायचं नाही.

सेतारेकी सरांची मान खालीच.
"सर, कॅमेऱ्यात."
"मोठ्यांच्या डोळ्यांत बघू नये, आम्हाला शिकवलंय."
"पण इथे मोठे तुम्हीच."
"भिंगामागे कोण बसलंय, दिसत नाही ना पोरी.
असलं कुणी मोठं तर?"

मग खिशातून कागदाची पुडी,
आणि माझ्या पुसलेल्या टेबलावर लाल माती.
त्यांनी ती मुठीत दाबली, उघडली :
बोटांच्या ठशांसकट एक ढेकूळ.
"बाकोआ, तुझ्याकडची दाखव."

बाकोआ उठून गेला.
पडद्यावर खुर्ची, पंखा, उघडं दार,
दारात समुद्र.
मिनिट गेलं. दुसरं गेलं.
मी लिंक तोडायला हात पुढे केला,
सरांनी न बघताच तो अडवला.

तो आला धापा टाकत.
तळव्यावर प्रवाळाची पांढरी वाळू,
बोटांच्या फटींतून गळणारी.
"सर, आमच्याकडे मूठ वळत नाही."

एक. दीड.
"हं," सर म्हणाले. "इथून सुरू करू."

फॉर्मवर रकाना होता :
'कॅमेऱ्याकडे पाहिले, होय / नाही.'
तो मी कोरा ठेवला.

आवाज बंद करायच्या बटणाच्या फटीत
लाल माती अजून आहे.
जरा जोर लावावा लागतो.