एक भागिले आठ

डिसेंबरात दोंडाईच्यात खोकल्याशिवाय बोलणं होत नाही.
गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडल्यात,
आणि वारा नेमका इकडचाच आहे.

रज्जाकचाचा खुर्चीच्या कडेवर बसले,
नातवाच्या खांद्यावरचा हात न काढता.
"माय, मन्हा फोटो काढी दे."
मला वाटलं पासपोर्टचा.

तीस वर्षं सारंगखेड्याच्या यात्रेत
ह्या माणसाने घोड्यांचे फोटो काढले.
शेवटची बारा वर्षं एका वेबसाइटच्या गॅलरीत चढवले,
पाच हजार सहाशे आणि वर काही.
मग साखरेने डोळे नेले.
आता गॅलरीवाले म्हणतात,
एकतीस तारखेनंतर फुकट ठेवणार नाही.

एकेक उतरवत बसले तर पुढची यात्रा उजाडेल.
म्हणून पायथनची एक लायब्ररी घेतली.
"लायब्ररी?" चाचा म्हणाले, "ती ते कधीच बंद पडनी."
म्हटलं, ही दुसरी. हिच्यात पुस्तकं नाहीत,
परक्याचं दार कसं वाजवायचं त्याची रीत आहे.
किल्ली दिली, गुपित दिलं, टोकन आलं.
पानामागून पान,
एका पानात शंभर.

काळ्या खिडकीत अक्षरं धावू लागली. चित्र एकही नाही.
तारीख, भिंग, छिद्र, शटर, शीर्षक.
'घोडी'च्या जागी आधी
नुसती तिरप्या रेघांची कुंपणं आली;
एक ओळ बदलली, घोडी बाहेर पडली.

मी म्हटलं, चाचा, फोटो नंतर दिसतील,
आणि जीभ चावली.
"माले आकडाच सांग," ते म्हणाले.

एक भागिले हजार, दोनशेचं भिंग.
"पयत व्हती. गिरासेस्नी पांढरी. सूर्य तापीकडे."

एक भागिले साठ, पन्नासचं.
"दात दखाडी ऱ्हायंता. सौदा व्हयना नई."

एक भागिले दोनशे पन्नास, छिद्र आठ.
"नाचत व्हता. ढोल डाव्या बाजूले."
हा मात्र मी उघडून पाहिला.
ढोल डाव्या बाजूलाच होता,
वाजवणाऱ्याचं डोकं कापलं गेलेलं,
काठी पूर्ण.

एका सालचे सगळेच एक जानेवारी दोन हजार, रात्री बाराचे.
"बॅटरी मरनी व्हती. नोटबंदीनं साल लिख.
घोडा भरपूर, घेणारा कोणी नई."
लिहिलं. यंत्राच्या तारखेवर माणसाची तारीख,
चार जागा सोडून, आत.

बावन्नाव्या पानावर दारानेच अडवलं:
फार विचारणा झाल्या, साठ सेकंद थांबा.
थांबलो. नातू मोठ्याने मोजत होता
आणि चाळिशीनंतर चुकत होता.

मग तो आला.
एक भागिले आठ.
छिद्र पूर्ण उघडं, फ्लॅश नाही, पहाटेचे चार.
शीर्षक रिकामं. वर्णन रिकामं.
फक्त स्वतःला दिसेल असा ठेवलेला.

चाचा बोलेनात.
मी पाणी पुढे केलं, मिरचीवर ढकलायला बरं.
"कंदील बारीक व्हता," ते म्हणाले.
"पण हात हालना नई मन्हा."

"घोडाच ना?"

"घोडा उभा ऱ्हाईसनी झोपस, माय."

मी तो उघडला नाही.
फाइलला नाव लागतं म्हणून क्रमांक दिला.
वर्णनाच्या जागी दोन अवतरणचिन्हं,
मधे काही नाही; तशीच उतरवली.

पुढचं पान सुरू झालं.
नातू विचारत होता,
अजून किती घोडे राहिले.