झाकण

कुर्डुवाडीच्या छोट्या गाडीनं भोपळे मिरजेला यायचे,
पेंढ्यात गुंडाळलेले, एकमेकांना न लागता.
अब्बा फलाटावरच एकेकाला टिचकी मारत
आणि बिनतिकिटाच्या उतारूंसारखे
दोन-चार परत पाठवत.

मी अकरा वर्षांचा. हात बारीक,
म्हणून आतून खरवडायचं काम माझ्याकडे.
आधी कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत आत.
वाळका गर, बिया, आणि एक कडवट धूळ
जी रात्री भाकरीतही लागायची.

त्या बुधवारी शिवलिंगाप्पा हेब्बाळे
रेडिओच्या दुकानातून एकाच पायात चप्पल घालून धावत आले.
"माणूस वर गेला! लोखंडी गोळ्यात बसून!
पृथ्वीला एक फेरी. एकशे आठ मिनिटं.
बघा, जपमाळेचे मणी तेवढेच!"
अब्बा म्हणाले, "आमची तसबीह नव्याण्णवात संपते.
वरची नऊ मिनिटं त्या पोरानं
आपल्या हिमतीवर काढली म्हणायची."

गल्लीतले रंधे थांबले.
जेवला काय, देव दिसला का,
कृष्णेचा घाट दिसला असेल का, असं बरंच निघालं.
अब्बांनी मांडीवरचा भोपळा अर्धा वळवला
आणि एवढंच विचारलं,
"झाकण कुणी बसवलं?"

कुणाला कळलं नाही. मला कळलं.
तबली एकदा चिकटली की आत कुणाचा हात जात नाही.
राहिलेली एक बी जन्मभर खुळखुळते
आणि गाणाऱ्याला वाटतं, आपलाच सूर फाटका.

रात्री सगळे निजल्यावर
मी सगळ्यात मोठ्या भोपळ्यात डोकं घातलं.
काळोख. माझाच श्वास, दुप्पट मोठा.
मिशन हॉस्पिटलकडून आलेला टांगा
फार दुरून, फार खालून जात होता.
तेवढ्यात बाहेरून टक्, टक्.
अब्बा. ओरडले नाहीत.
"काय दिसतंय?"
"काही नाही."
"मग ऐक."

त्याच्या आधी एक कुत्री गेली होती,
हे मी शाळेत शिकलो. तिला परत आणायची सोयच नव्हती.
तिचंही झाकण कुणीतरी लावलं असणार,
कान खाजवून, नजर चुकवून.
हे मी अब्बांना सांगितलं नाही.

सहा वर्षांनी पुन्हा एप्रिल.
एक जण परत येताना पडला, छत्रीचे दोर गुंतले.
हेब्बाळे या वेळी चालत आले.
अब्बा जवारीवर बसले होते, घोडीवर सुताचा धागा सरकवत,
केसभर पुढे, केसभर मागे.
धागा त्यांनी काढून घेतला,
खुंट्या सैल केल्या, चारही,
आणि त्या दिवशी दुसरं काही हातात धरलं नाही.

पुढं खूप वर्षांनी वाचलं:
त्या पहिल्या सकाळी दार नीट बसल्याची खूण येईना,
तेव्हा माणसांनी तीसेक बोल्ट एकेक करून काढले
आणि तो आत गुणगुणत असताना
पुन्हा एकेक करून आवळले.
वाचताना माझीच मनगटं दुखली.
अब्बा, सापडले बघा तुमचे झाकणवाले.
पण तोवर अब्बांना जाऊन
बावीस पावसाळे झाले होते.

एक गोष्ट मात्र माझ्याकडे आहे, म्हणजे नाही.
त्या बुधवारच्या भोपळ्यात, तबली लावायच्या आधी,
त्यांनी सुताराच्या शिसपेन्सिलीनं
आतल्या बाजूला काहीतरी लिहिलं.
दोन ओळी. मला वाचू दिल्या नाहीत.
तो तंबोरा धारवाडला गेला,
तिथून कुठं, माहीत नाही.
दुरुस्तीला कधी आला नाही.

कुणाच्या तरी खांद्याला टेकून
अजून षड्ज धरत असेल,
आत ती दोन ओळींची शिसपेन्सिल घेऊन.
इथं कुणी जुना तंबोरा उतरवला
की मी अजून आधी टिचकी मारतो,
थांबतो,
आणि मनात म्हणतो, हा तो नसू दे.