साठास एक

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये शनिवारी पगार वाटून झाला की
बाबा एक गिअरबॉक्स टेबलाला बोल्टांनी आवळायचे.
बाहेर येणाऱ्या शाफ्टात वीतभर सळई आडवी.
ती धरायला रंगराव मोहिते,
दांडिया बाजारच्या तालमीतले, मान आणि खांदा एकच.
आत जाणाऱ्या शाफ्टाला हँडल.
ते फिरवायला मी. वय नऊ, वजन बावीस किलो,
हाताला अजून शेवउसळीचा रस्सा.

फिरवलं. माझा हात नुसता गरगर,
आणि पलीकडे सळई
झोपलेली म्हैस कूस बदलते तशी.
काकांनी पाय रोवले. दात खाल्ले.
जेसंगभाई मोठ्यानं मोजत होते:
अगियार, बार, तेर...
पंधराव्या फेरीला सळई काटकोनात.
काका हरले,
पण इतक्या सावकाश, की हरता हरता
त्यांना दोनदा हसायला सवड मिळाली.

मग त्यांनी उलटा जोर लावून पाहिला.
काही नाही. वर्मचा आटा पितळी चाकाला वळवतो,
चाक आट्याला वळवू शकत नाही.

परतताना स्कूटरवर विचारलं,
माझ्यात एवढा जोर आला कुठून?
"आला नाही. तू वेग विकलास.
साठ फेऱ्या दिल्यास, एक घेतलीस.
ती एक साठांच्या वजनाची."
मग फाटकाशी थांबल्यावर, बऱ्याच वेळानं:
"साठांच्या नाही. छत्तीस धर.
बॉक्सला हात लावून बघितलास? कोमट होता.
तेल आपली दलाली कापून घेतं."

आता शेड माझी. गिऱ्हाइकं म्हणतात,
मॅडम, मोटर हीच ठेवा, स्पीड वाढवा, आणि लोडही वाढवायचंय.
दोन्ही हवं तर मोटर बदला, मी म्हणते.
ते म्हणतात, दुसरीकडे विचारून येतो.
येतात. बहुधा जळकं वाइंडिंग घेऊन.
सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणे.
आमच्या धंद्यात पीळ हवा असेल
तर आधी सुंभच लांब घ्यावा लागतो.

गेल्या महिन्यात मोहितेकाका आले. एक्क्याऐंशी.
बशी दोन्ही हातांनी धरतात, तरी चहा सांडतोच.
समोर चेन ब्लॉकची साखळी लोंबत होती,
खाली जुन्या लेथचा हेडस्टॉक, तीनशे किलोच्या आसपास.
त्यांनी बशी ठेवली. साखळी ओढली.
ओढली. ओढली. आठ हात साखळी उतरली तेव्हा
हेडस्टॉक जमिनीपासून चार बोटं वर.
हात सोडले. तो तिथेच लटकून राहिला.

"कुठवर न्यायचाय?"
टेबलापर्यंत, मी म्हटलं.
"मग अजून एक चहा सांग,"
आणि खुर्ची साखळीजवळ ओढून घेतली.