बेचाळीस हर्ट्झ

मी फाटलेले कोन बदलतो.
अठरा इंची, पंधरा इंची, मिरवणुकीतून आलेले,
गुलालानं घसा बसलेले.
जुना कागद सोलायचा, वाळलेला डिंक खरवडायचा,
कॉइल बोटानं वर-खाली करून बघायची.
घासली तर आजारी, सरकली तर बरी.
मग टेस्ट.

टेस्टला पिक्चरची गाणी चालत नाहीत.
वरून गोड, तळाला पोकळ,
सोयरीक जमवणाऱ्यासारखी चीर झाकून नेतात.
मला खालचा सूर पाहिजे होता,
कानाला कमी आणि बरगडीला जास्त लागणारा.
म्हणून शोधायला लागलो.
कामासाठी, बरं का. आईशप्पथ, कामासाठी.

पहिला सापडला तो कुठल्यातरी बर्फाच्या गावचा.
नाव नाही, नुसता आकडा.
ऐकणारे एकोणीस. विसावा मी,
साखर पेठेत, त्रेचाळीस डिग्रीत, बनियनवर.
मग राँचीची एक पोरगी,
खाणीतल्या पंपाचा आवाज इतका ताणते
की तो वासरू हरवलेल्या म्हशीसारखा हंबरतो.
मग किसुमूचा कोणीतरी, त्याच्या दोन ठोक्यांच्या मधे
चहा पिऊन यावं एवढी जागा.
एकाला पैसे पाठवले, नव्वद रुपये.
त्यानं उलट विचारलं, सोलापूर म्हणजे कुठं?
चादर, मी म्हटलं. त्याला कळलं नाही.
तरी त्यानं अजून एक ट्रॅक पाठवला, फुकट.

मल्लू समोरच्या टपरीतून ओरडतो,
का बे अंबादास, हे गाणं आहे का बोअरवेल?
मी म्हणतो, पाणी लागेपर्यंत थांब की.

एप्रिलमधली गोष्ट. लाईट गेलेली, सगळी गल्ली गच्चीवर.
मोबाईलमध्ये अकरा टक्के.
नवीन रिलीज, चार ट्रॅक, चित्रात टॉवेलची किनार.
नाव फक्त ‘कांडी’.
पहिले दोन बरे. दुसऱ्यात घाई झालीय.
तिसऱ्यात बास हळूहळू मागं सरकला,
तलावाचं पाणी उतरून पायरी दिसावी तशी
खालून एक खटखट वर आली.
सहा ठोके सरळ.
सातवा अर्धं पाऊल उशिरा.

हेडफोन काढला. परत घातला.
नीलम नगर, गुर्रमचं शेड, चार नंबरचा माग.
त्याच्या भिंतीला पाय लावून मी लहानपणी झोपायचो.
बापानं बारा वर्षं त्याच्यावर टॉवेल काढले
आणि दोन्ही कान तिथंच ठेवून आला.
मेकॅनिक आला की परत पाठवायचा,
लंगडू दे म्हणायचा, त्या लंगडण्यानंच
डुलकी लागत नाही.

सकाळी दुकानात बापाला बसवलं.
नुकतीच बरी केलेली पेटी होती, आवाज वाढवला.
त्याचा तळवा धरून लाकडावर ठेवला.
तो माझ्याकडं बघत होता, चहाचं विचारतोय असं वाटून
मान हलवली.
मग हलवायची थांबली.
दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर मोजायला लागली
आणि सातव्याला वर अडकून राहिली, बरोबर तेवढीच.
नालगू, तो म्हणाला. चार.
आणि आजूबाजूला बघितलं,
शेटजी आलेत का म्हणून.

मी कांडीला लिहिलं,
तिसऱ्यात चार नंबर आहे ना? बापानं हातानं ओळखला.
चार दिवस काही नाही.
पाचव्या दिवशी उत्तर,
माग गेला भंगारात, मोडायच्या आदल्या रात्री
मोबाईल उशाखाली ठेवतात तसा त्याच्याखाली ठेवला होता.
तुम्ही कोन बसवता म्हणे. माझे दोन फाटलेत.

बुधवारी स्कूटीवरून आली. गुर्रमची धाकटी, मानसा,
जी शेडमध्ये कांड्या भरायची,
जिला आम्ही कुणी कधी काही विचारलं नव्हतं.
मला वाटलं होतं अठरा इंची असतील.
पिशवीतून निघाले सहा इंची,
जुन्या टीव्हीचे, कडा चिकटपट्टीनं शिवलेल्या.
एवढ्याशा कागदावर अख्खं शेड उभं केलं होतं तिनं.

किती होतील, ती म्हणाली.
मी डिंक पातळ करायला घेतला.