एक पोटनी, एक पाठनी

चोपड्याचं कॉलेज, प्रात्यक्षिक परीक्षा.
चिनीमातीच्या बशीत देठाची दोन फुलं,
दोन्ही पिवळी. दोन्हींच्या पोटात गर्द तांबडा डाग,
एकाच दौतीत बुडून आल्यासारखा.

ओळखा.

लासूरच्या निंबाने लिहिलं : दोन्ही कपाशी.
मी लाल शाईने अर्धा गुण कापला.

कुल एकच रे, भेंडीचं.
पुंकेसर दोन्हींचे जुळून नळी झालेले.
पण नळीतून वर बघ,
अंबाडीचा किंजल पाच बोटं उघडतो,
कपाशीचा मूठ मिटूनच राहतो.
खाली छदं मोज : कपाशीची तीन, रुंद, काठाला फाटकी झालर;
अंबाडीची सात-आठ, दोऱ्याएवढी.
पान असतं तर उजेडाला धरलं असतंस.
काळे ठिपके कपाशीच्याच पानात.
एवढ्यावर प्रजाती बदलते.
कपाट तेच, फाईल वेगळी.

संध्याकाळी सुपडाबाई बशा धुवायला आल्या.
भिंग मागितलं नाही.
देठावरून अंगठा फिरवला.
"हाई टोचस. हाई अंबाडी."
दुसरं फूल नुसतं बाजूला ठेवलं,
त्याला काय ओळखायचं, अशा हाताने.
मग म्हणाल्या,
"दोन्ही बहिनी शेतस. एक पोटनी, एक पाठनी."

मी हसलो. कळलं नव्हतं.
कळलं दुसऱ्या दिवशी, डबा उघडल्यावर :
कळण्याची भाकरी, अंबाडीची आंबट भाजी,
आणि घामाने पाठीला चिकटलेला सदरा.

तरी वाद घातलाच. सूत अंबाडीलाही असतं बाई,
सालीत. आठ दिवस नाल्यात कुजवलं की निघतं.
असतं की, म्हणाल्या,
पण ते बैलासाठी.

पंधरा दिवसांनी दाबपेटी उघडली.
दोन्ही फुलं तपकिरी, डाग काळे पडलेले.
आता मीही निंबासारखाच चुकलो असतो.
त्याचा अर्धा गुण गुपचूप परत केला.

चिठ्ठीवर रकाने छापलेले :
कुल, प्रजाती, जाती, ठिकाण, तारीख, संग्राहक.
बाईंचं वाक्य कुठेच मावेना.
कागद उलटा केला, पेन्सिलीने
पाठीवर लिहिलं.

मग सुईत पांढरा दोरा ओवून
अंबाडीची फांदी कागदाला शिवायला घेतली.
तिसऱ्या टाक्याला हात थांबला.
दोऱ्याकडे पाहिलं.

गाठ जरा सैलच मारली.