घास

खारघरला, समोरच्या भाड्याच्या खोलीत त्सेहाई,
इथिओपियाहून आलेली, नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी.
मी गेले होते मेतकुटाची वाटी द्यायला, उभ्या उभ्या.

परातीत आंबोळीसारखं काहीतरी, आंबूस, जाळीदार.
आपली रीत : दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं.
पहिल्याच 'नको'ला तोंड उघडलं
आणि तिची पाचही बोटं आत.

केवढा घास!
गाल फुगवून तिनं खुणेनं सांगितलं,
जेवढा मोठा, तेवढी माया.
पलंगावरून नवरा हसला, डोक्यावर केस नसलेला.

मला कुणी भरवलं त्याला एकेचाळीस वर्षं झाली.
जिलबी होती,
आणि मांडवभर गलका : नाव घे, नाव घे.

इथे सगळं गप्प.
डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाचं असणार.

तिनं दुसरा घास उचलला.
मी तोंड उघडलं,
काही म्हणायला नव्हे.