परवानगीची यादी

मदरबोर्ड गेला, असं मुर्तुझाभाई म्हणाले
तेव्हा त्यांच्या हातात अर्धी खारी होती.
लॅमिंग्टन रोडच्या पोटमाळ्यावर
त्यांनी पेटी उघडली, फुंकर मारली:
"बाकी सगळं तुमचंच ठेवतो, ताई. फक्त बोर्ड नवा."

कन्नमवार नगरात आणून सुरू केली.
तोच वॉलपेपर, त्याच फायली,
चेंबुरकर-पाताडेंची अर्धी लागलेली पत्रिका.
फक्त कोपऱ्यात एक राखाडी पृथ्वी
आणि तिच्यावर काट.

ड्रायव्हर नाही म्हणे. तो नेटवरून उतरवा.
नेट कसं? तर ड्रायव्हर टाकून.
म्हणजे विहिरीवर यायचं तर पाणी पिऊन या.

खालच्या ऑगस्टीननं पेन ड्राइव्हवर आणून दिला.
मग सगळ्या बिल्डिंगची नावं दिसायला लागली,
माझं तळाशी, एका दांडीचं,
राउटर तीन हातांवर असून.
मागे चाचपलं तर दोन पितळी बोंडं उघडी.
अँटेना पिशवीतच होत्या,
बिलाखाली, खारीच्या चुऱ्यात.
पिळून बसवल्या. चारही दांड्या.

तरीही जोडता येत नाही.
पासवर्ड बरोबर. पुन्हा टाकला, मोठ्यानं वाचत.
राउटर बंद करून साठ आकडे मोजले.
फोन चालतोय, प्रिंटर चालतोय,
माझ्याच घरात मलाच कोण तुम्ही?

रात्री अकराला फोनवरून राउटरच्या पोटात शिरले.
तिथं यादी.
हेरंबनं केलेली. कुणीतरी आपलं नेट चोरतंय
म्हणून दोन रविवार बसला होता.
सहा यंत्रं, प्रत्येकाचा बारा अक्षरांचा नंबर,
बाकी कुणी दारात नाही.
चौथी माझी पेटी,
पण तो नंबर आता मुर्तुझाभाईंच्या भंगारात.
दुसरा, हेरंबचा फोन.

तो पनवेलला गेला त्याला दोन वर्षं होतील.
या दोन वर्षांत कधीही जिन्यात उभा राहिला असता
तर त्याचा फोन आपोआप जोडला गेला असता.
हे मला माहीत नव्हतं.
त्यालाही नसणार.

नवा नंबर एकेक अक्षर बघून भरला.
आठ आणि बी मध्ये एकदा चुकले.
मग चौथी ओळ पुसली, माझी जुनी.
दुसरीवर बोट ठेवून
चष्मा पुसला.

तेवढ्यात आतल्या खोलीत प्रिंटर खडखडला:
मंगळवारी पाठवलेलं पान,
मुहूर्ताची वेळ चुकलेलं,
आत्ता निघत होतं.